चुकलेल्यांनी माझ्याकडे यावे

पुरणपोळी गळते का, हा प्रश्न मला आयुष्यात कधी पडेल असं वाटलं नव्हतं. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. गळतीवर माझा अधिकार आहे. कालव्याची गळती, दरवाजाची गळती, प्रत्यक्षातली गळती आणि नुसती कागदावरची गळती, सगळ्यांचे अहवाल मी लिहिले आहेत. पण 'विषय: गळती. फ्लॅट क्रमांक: ११. मजकूर: पुरणपोळ्या, खवा घालू नये,' अशी तक्रार समोर आली तेव्हा मी चष्मा पुसला, पुन्हा वाचली आणि बायकोला न सांगता स्वतःच चहा करून प्यालो. आमच्या घरात मी चहा केला म्हणजे प्रकरण गंभीर असतं.

आता सगळं सरळ सांगतो, म्हणजे निदान माझी बाजू तरी कुणाला कळेल. कर्जतमध्ये हल्ली ती कुणी विचारत नाही.

दहिवलीत आमची सुमंगल सोसायटी आहे आणि मी, म्हणजे ठोंबरे, तिचा सचिव. बिनविरोध निवडून आलेला. दुसरं कुणी उभंच राहिलं नव्हतं असं अकरा नंबरचे आबाजी बडेकर सांगत फिरतात, पण बिनविरोध ते बिनविरोध. माझी भाची रिया कॉम्प्युटरमधली. मोठ्या कंपनीत आहे, पण काम नेरळला घरात बसून करते, त्यामुळे तिच्या आईला अजून ती नोकरीला आहे हे पटलेलं नाही. ती म्हणाली, "मामा, तुमच्या सोसायटीची वेबसाइट करून देते. लोकांनी तक्रारी त्यावर टाकायच्या, तुम्ही उत्तर द्यायचं. सारखं जिन्यात अडवणार नाहीत कुणी."

जिन्यात अडवणार नाहीत, एवढ्यावर मी होकार दिला.

पण आमची ही, नंदा, स्वयंपाकघरातून बाहेर आली. हात पिठाचे. म्हणाली, "मला पण एक पान दे गं रिया. माझ्या नावाचं."

नंदा कोंडाण्याची. हाताला चव म्हणाल तर अशी, की कुणाची हळद असो, बारसं असो, वास्तुशांत असो, आधी हिला बोलावणं. ही पहाटेपासून चुलीशी, आणि जेवून जाताना लोक हात जोडणार यजमानाला. काय सुंदर बेत केलात हो तुम्ही, म्हणून. इतकी वर्षं हेच चाललं. यंदा तिनं मनावर घेतलं. मोठी पातेली आणली, परात आणली, दोन बर्नरची भट्टी आणली, आणि मला सांगून टाकलं, "दिवाळीपर्यंत बघते. कुणी माझ्या नावानं काही मागवलं तर ठीक. नाहीतर ही भांडी भावाकडे कोंडाण्याला पाठवते आणि गप बसते."

भांडी गेली असती तर चाललं असतं. पण नंदा गप बसलेली मी संसारात पाहिलेली नाही, आणि ते पाहायची माझी तयारी नव्हती.

नंदाला पान मिळतंय म्हटल्यावर टेंपोवाल्या दामूनंही मागितलं. रियानं तिघांना समोर बसवून समजावून सांगितलं. म्हणाली, "ही एक चाळ समजा. इमारत एकच, पण खोल्या तीन आणि प्रत्येकाचं दार वेगळं. पत्त्याच्या शेवटी ज्याचं नाव टाकाल त्याचं दार उघडेल. सुमंगल टाकलं तर मामाचं, नंदा टाकलं तर मामीचं, दामू टाकलं तर दामूदादाचं. आणि एकाचं दुसऱ्याला कधीही दिसणार नाही, याची गॅरंटी माझी."

हे शेवटचं वाक्य मी नीट लक्षात ठेवलं. पुढं माझा घात त्यानंच केला.

"मामीचा फोन नंबर टाकू का पानावर?" तिनं विचारलं.

"नको," मी म्हणालो. "घरातल्या बाईचा नंबर चव्हाट्यावर कशाला? आणि दुपारी मी जरा पडलेला असतो. मागवायचं ते पानावरूनच मागवू दे."

"बरं. आणि कुणी भलतंच नाव टाकलं, जे आपल्याकडं नाहीच, तर? साधारण 'पान सापडलं नाही' असं दाखवतात."

मला ते लागलं. म्हटलं, "अगं, दाराशी आलेल्या माणसाला सापडलं नाही म्हणून सांगायचं आणि वाटेला लावायचं? आपल्याकडं अशी पद्धत आहे का? कुणाचंही घर विचारत कुणी आलं तर आधी आत घेतात, पाणी देतात, मग विचारतात कुणाकडं आलात म्हणून. तुझी आजी तर जेवायलाच बसवायची."

"मामा, तिथं विचारायला कुणी नसतं. तो माणूस कुणाकडं निघाला होता हे कळणारच नाही."

"मग माझ्याकडं पाठव. जो कुणी चुकेल तो माझ्याकडं. सचिव आहे मी."

रिया काहीतरी पुटपुटली आणि तिनं तसं केलं. मला त्या दिवशी फार समाधान वाटलं. आपल्या संस्कृतीचा निदान एक नियम मी त्या यंत्रात घातला होता.

नंदानं मग सगळ्यांना सांगायचा धडाका लावला. भाजीबाजारात, भिशीत, हळदीकुंकवाला, एसटीत शेजारी बसलेल्या बाईला. "ह्या पत्त्यापुढं माझं नाव टाका, की झालं." मोबाइल तिनं ओट्यावर मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला. ऑर्डर आली की घंटी वाजणार होती. फोडणी टाकतानासुद्धा एक डोळा तिकडं.

घंटी वाजली नाही. माझ्या मोबाइलवर मात्र तक्रारींचा पाऊस सुरू झाला.

पुरणपोळ्यांचं सांगितलंच. दुसऱ्या दिवशी, 'विषय: पाणी. मजकूर: सोलकढी दोन लिटर.' मग, 'विषय: गळती. मजकूर: अळूवड्या, चिंच जास्त.' मग, 'विषय: इतर. मजकूर: बोंबलाची चटणी, तिखट हात सैल सोडून.' नाव टाकायची सोय मी मुद्दाम ठेवली नव्हती, सभासदांना निर्भयपणे बोलता यावं म्हणून. विषय ठरावीक यादीतूनच निवडायचा आणि फ्लॅट क्रमांक मात्र सक्तीचा होता, त्यामुळे प्रत्येकानं काही ना काही विषय निवडलेला आणि काही ना काही आकडा घातलेला.

तुम्ही म्हणाल, हे बायकोसाठी आहे हे कळू नये इतका का हा माणूस... पण थांबा. तिचं दार वेगळं होतं. एकाचं दुसऱ्याला कधीही दिसणार नाही, अशी खुद्द बनवणारीची गॅरंटी होती. मी खात्यात आयुष्य काढलं आहे, लेखी असो की तोंडी, गॅरंटी म्हणजे गॅरंटी. म्हणजे हे नंदाचं असणं शक्यच नव्हतं. मग उरलं काय? कुणीतरी सचिवाची टिंगल करत होतं. आणि सभासदांच्या तक्रारी गोपनीय, त्या घरात बोलायच्या नाहीत हा माझा नियम. नंदाला मी अवाक्षर सांगितलं नाही.

टिंगल असो, उत्तर देणं माझं कर्तव्य. मी एक मसुदा करून ठेवला होता. 'आपली तक्रार प्राप्त झाली. विषय कमिटीच्या पुढील बैठकीत ठेवण्यात येईल. तोपर्यंत सहकार्य करावे.' हे पुरणपोळीला गेलं, सोलकढीला गेलं, बोंबलालाही गेलं. मध्येच एक आलं, 'विषय: पार्किंग. उद्या सकाळी टेंपो लावा, सामान हलवायचंय.' त्याला मी जरा कडक लिहिलं, की आवारात टेंपो लावण्यास सक्त मनाई आहे.

आता अकरा नंबर. गळतीची तक्रार अकरा नंबरमधून आलेली, म्हणजे प्रत्यक्ष पाहणी आली. मी टॉर्च घेऊन आबाजी बडेकरांकडे गेलो. आबाजींना साखर आहे. रक्तात, म्हणजे.

"तुमच्याकडे पुरणपोळ्यांसंबंधी काही?" मी शक्य तेवढ्या सौम्यपणे विचारलं.

आबाजींनी हातातला पेपर खाली ठेवला. "डॉक्टरनं माझा भातसुद्धा बंद केलाय, ठोंबरे. आणि तुम्ही टॉर्च घेऊन पुरणपोळ्या शोधायला आलात?"

"खवा घालू नये, असं तुम्हीच लिहिलंय."

"मी लिहिलंय? माझ्या आजारपणाची चेष्टा करता?"

पुढचं संभाषण जिन्यातून झालं, कारण तोपर्यंत मी जिन्यात होतो. संध्याकाळपर्यंत आबाजींनी सह्या गोळा केल्या आणि रविवारी सभा बोलावली. एकच विषय, सचिवावर अविश्वास.

शेजाऱ्यांनी सल्ले द्यायला सुरुवात केली. सात नंबरच्या उज्वलाचा नवरा प्रीतम म्हणाला, "सायबर गुन्हा आहे हा, काका. पोलिसांत जा." त्याची बायको मागं उभी होती, ती मात्र माझ्याशी धड बोलली नाही. तिचं काय बिनसलंय तेही मला कळेना. नंदाही म्हणत होती, हल्ली बाजारात बायका तोंड फिरवतात, उज्वला तर हसतसुद्धा नाही. मला वाटलं, हा सगळा आबाजींचा प्रचार. घराघरांत पोचलाय.

पोलिसांत गेलो. हवालदारांनी खुर्ची दिली, सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"शिवीगाळ आहे का त्यात?"

"नाही."

"धमकी?"

"'तिखट हात सैल सोडून' असं लिहिलंय."

"पैसे गेले?"

"नाही."

"मग साहेब, गेलं काय तुमचं?"

"शांतता," मी म्हणालो.

त्यांनी पेन खाली ठेवलं. अर्ज द्या म्हणाले, दोन प्रतींत, सोबत तक्रारींच्या प्रिंट. मी बरोबर नेलेल्या प्रिंट चाळता चाळता त्यांचा आवाज बदलला. "ही बोंबलाची चटणी मिळते कुठं पण?" मी उठलो. माणसाच्या अब्रूचा प्रश्न आणि ह्यांना चटणी सुचत होती.

घरी आलो तर नंदा ओट्याशी उभी. मोबाइल बरणीला तसाच टेकलेला. दिवाळी तोंडावर आली होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "दामूला सांगितलंय. रविवारी सकाळी टेंपो घेऊन येईल. भांडी जाऊ दे कोंडाण्याला."

"अगं, अजून थोडं थांब की."

"कशासाठी थांबू? एक माणूस नाही. आख्ख्या तालुक्यात सांगून आले मी. फुकट होतं तोवर सगळ्यांना गोड लागत होतं." एवढं बोलून ती गप बसली. खरंच गप बसली. कुकरच्या शिट्ट्या मोजतानासुद्धा ती तोंडानं मोजते, त्या दिवशी मनात मोजल्या. पण माझ्यापुढे सभा होती, आणि मी माझ्या भाषणात बुडालो.

त्याच संध्याकाळी ती तक्रार आली. 'विषय: इतर. फ्लॅट क्रमांक: ४०. मजकूर: रविवारी येतो आहोत. दुपारी सगळे पिठलं-भाकरीच खाणार. ठेचा वेगळा. नाही म्हणू नका.'

आमच्या सोसायटीत फ्लॅटच चोवीस. चाळीस नंबर नाहीच. म्हणजे आबाजींनी बाहेरची माणसं आणली. आणि पिठलं-भाकरीचा अर्थ न कळायला मी काय दूधखुळा? कालव्याच्या पाण्यासाठी लोक कचेरीपुढे ठिय्या द्यायला बसायचे तेव्हा असंच फडक्यात पिठलं-भाकरी बांधून यायचे. दिवसभर हलायचं नाही, असा त्याचा अर्थ. मी रागानं उत्तर लिहिलं, 'अवश्य यावे. आपल्या सर्वांना पुरून उरण्याची येथे तयारी आहे. सचिव.' आणि रियाला फोन केला, रविवारी ये, कटाचा उलगडा तुलाच करायचाय.

रविवारी इमारतीखाली, गाड्या लावतो तिथं, खुर्च्या मांडल्या. आबाजी बोलत होते. मी बसलो होतो, शेजारी रिया. आमच्या पाठीमागून नंदा आणि दामू एकेक पातेलं नेऊन टेंपोत चढवत होते. पातेलं चढलं की आवाज व्हायचा आणि आबाजी थांबायचे. सगळी भांडी चढली, दामूनं दोरी आवळली, आणि फाटकासमोर दोन मिनीबस येऊन उभ्या राहिल्या.

त्यांतून माणसं उतरायला लागली. उतरतच राहिली. सगळी वयस्क, डोक्यावर टोप्या, हातात काठ्या, पुढं दोघांनी फलक धरलेला. उन्हानं तापलेले चेहरे. फाटकातून आत येऊन ती सगळी माझ्याकडे बघत उभी राहिली.

मी खुर्चीवर चढलो. रियानं माझा शर्ट ओढला, पण मी ऐकलं नाही. म्हणालो, "बंधुभगिनींनो, आपला राग मी समजू शकतो. मी ह्या पदाला कधीही चिकटून बसलो नाही. आपण एवढ्या उन्हातून आलात, त्याअर्थी माझ्याकडून काही चुकलं असेल. मी इथंच, आपल्या सर्वांसमक्ष, सचिवपदाचा राजीनामा देतो."

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग पुढची एक नऊवारीतली बाई म्हणाली, "ते समदं ठीक हाय भाऊ, पण भाकऱ्या कुठं हायत?"

"कसल्या भाकऱ्या?"

"अवो, मी गंगाबाई. आमी खालापूरकडचे, आमच्या म्हाताऱ्यांचा संघ हाय. लेणी बघाया गेलतो कोंडाण्याला. जेवाण तुमच्याकडं सांगितलंय ना? तुमीच तर लिव्हलंय, पुरून उरंल म्हणून, आन् पत्ता बी तितंच व्हता." तिनं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "नंदाताईंचं घर ह्येच ना?"

टेंपोपाशी नंदा थबकली.

रियानं तो मोबाइल घेतला आणि वरचा पत्ता बघितला. मग माझ्याकडे बघितलं. "मामा, ह्यांनी 'नंदाताई' टाकलंय."

"मग? आहेच की ती ताई."

"दार 'नंदा'चं आहे, मामा. नुसतं नंदा. नंदाताई नावाचं दारच नाही. म्हणून ते तुमच्याकडं आले. जो चुकेल तो माझ्याकडं, असं तुम्हीच म्हणाला होतात." तिनं कपाळाला हात लावला. "तुमच्या सगळ्या तक्रारी दाखवा बघू."

कसं आहे, आमच्या नंदाला नुसतं नंदा म्हणणारा माणूस कर्जत तालुक्यात मी एकटा. बाकी कोण म्हणणार? तोंडानं म्हणणार नाही ते बोटानं तरी कोण लिहिणार? प्रत्येक तक्रारीच्या तळाशी, कुणी काय नाव टाकलं ते बारीक अक्षरांत यायचं, ते मी कधी वाचलंच नव्हतं; रिया एकेक वाचत गेली. पुरणपोळ्यावाल्यानं नंदामावशी टाकलं होतं, आणि अकरा हा पोळ्यांचा आकडा होता. सोलकढीवालीनं नंदावहिनी. अळूवड्या नंदाकाकूला होत्या, चटणी नंदाआत्याला. टेंपो मागणाऱ्यानं दामूदादा लिहिलं होतं, आणि ते ऐकून दामू माझ्याकडे असा बघायला लागला की मी खुर्चीवरून उतरलो.

"मनाई तुमी केलीत व्हय?" दामू म्हणाला. "तरीच म्हटलं, गिऱ्हाईक रुसलं का."

मागून उज्वलाचा आवाज आला. "काकू, अळूवड्या मीच मागवल्या होत्या. तर तुमच्याकडून उत्तर आलं, विषय कमिटीच्या बैठकीत ठेवू, सहकार्य करा. मला मेलीला वाटलं, नंदाकाकू आता फार मोठ्या झाल्या."

मला वाटलं, नंदा आता मला सगळ्यांसमोर सोलून काढणार. मी मनाची तयारी केली. पण ती माझ्याकडे आलीच नाही. ती गंगाबाईंकडे गेली. "ताई, किती माणसं तुम्ही?"

"चाळीस. लिव्हलं हाय त्यात."

नंदानं पदर खोचला. "बसा सगळे खुर्च्यांवर. पाणी घ्या. दामू, उतरव रे भांडी."

"आत्ताच बांधली वैनी," दामू म्हणाला, पण दोरी सोडायला लागलासुद्धा.

सभा तिथंच मोडली. भट्टी इमारतीखालीच लागली. उज्वला भाकऱ्या थापायला बसली, तिच्यामागून बाकीच्या. आबाजींच्या पुढ्यात नंदानं लसणीची टोपली ठेवली, आणि अविश्वासाचा ठराव खिशात घालून ते मुकाट्यानं सोलायला लागले. मला कुणी काम सांगितलं नाही. मी कांदे कापायला गेलो, तर सुरी दुसऱ्याच्या हातात गेली. माझ्याच सोसायटीत मी फाटकाशी उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला, इथं काय चाललंय, ते सांगत होतो. मलाही ते पुरतं कळलेलं नव्हतं.

म्हाताऱ्यांनी ठेचा दोनदा मागून घेतला. जाताना गंगाबाईंनी हात जोडले, ते सरळ नंदासमोर जाऊन जोडले. मी शेजारी उभा होतो, माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. यजमानाचं कौतुक करायची रीत त्या दिवशी मोडली.

सगळं आवरल्यावर नंदा पायरीवर बसली आणि माझा मोबाइल मागून घेतला. तक्रारी वाचायला लागली. मोठ्यानं, सावकाश. काकू. वहिनी. मावशी. आत्या. प्रत्येकीखाली माझं उत्तर, तेही वाचलं. मग वाचायची थांबली आणि पदरानं डोळे पुसले.

"मला वाटलं, कुणालाच माझी आठवण नाही," ती म्हणाली. "इतक्या जणांनी हाका मारल्या, आणि ओ तुम्ही दिलीत."

मला फार वाईट वाटलं. काहीतरी बोलावं म्हणून मी म्हणालो, "उत्तर प्रत्येकाला वेळेत दिलंय, हे मात्र तू बघ." ते बोलायला नको होतं, हे बोलून झाल्यावर कळलं.

रियानं लॅपटॉप उघडला. "मामी, काकू-ताई-मावशी सगळी दारं तुझ्याकडं वळवते. पण तरीही कुणी चुकलंच तर? कुठं पाठवू? तुझ्याकडं?"

नंदानं थोडा विचार केला. "नको. कुणाकडंच नको. सरळ सांग, सापडलं नाही म्हणून. चुकल्याचं माणसाला कळलं तर पाहिजे. आणि त्याखाली तिघांची नावं लिही, नि माझा नंबर लिही. मोठ्या अक्षरात."

नंबराबद्दल मी काहीतरी बोलणार होतो. पण मी आता सचिव नव्हतो. राजीनामा इतिवृत्तात नोंदवलेला होता, आबाजींनी लसणीच्या हातानं सही केली होती.

परवा दुपारी मी जरा पडलो होतो. नंदाचा फोन वाजला. ती भट्टीशी, दोन्ही हात पिठात. "घ्या हो," आतून म्हणाली. मी उठलो आणि घेतला.

"नंदाकाकूंचं घर का?" पलीकडून कुणी बाई विचारत होती.

"हो," मी म्हणालो.

"काकू नाहीत? तुम्ही कोण बोलताय?"

मी तोंड उघडलं. सचिव म्हणायची सवय जिभेवर आली होती, ती गिळली. आत बघितलं. नंदा मान वळवून माझ्याकडे बघत होती, मी काय सांगतो ते ऐकायला.

"मी इथं त्यांच्याकडेच असतो," मी म्हणालो. "बोला, काय लिहून घेऊ?"